हॅम्बुर्ग बघायचं तर आधी पाण्याची वेळ बघा: सांगलीकरांसाठी तीन दिवसांचा आराखडा

पावसाळ्यात सांगलीत घराबाहेर पडण्याआधी माणूस कृष्णेवरच्या आयर्विन पुलाची पातळी विचारतो. आज किती फूट? चाळीसला इशारा, पंचेचाळीसला धोका, हे पोरांनाही पाठ असतं. हॅम्बुर्गला जाताना हीच सवय सोबत न्या. तिथं बाराही महिने, रोज, नदी दोनदा चढते आणि दोनदा उतरते. समुद्र शंभरावर किलोमीटर लांब असला तरी भरतीची लाट एल्बे नदीतून शहरापर्यंत येते आणि पाणी साधारण पावणेचार मीटर, म्हणजे बारा फूट, वरखाली होतं. कुठली बोट कधी सुटणार, कालव्यात काय दिसणार, फोटो कसा येणार, हे सगळं त्यावर ठरतं. बहुतेक पर्यटक हे न बघता जातात आणि वखारींच्या कालव्यात शिरायचं तिकीट काढून भलतीकडेच फिरून येतात.

भरतीची वेळ कशी काढायची

जर्मनीचं सागरी खातं, बीएसएच, भरती-ओहोटीच्या वेळा आधीच जाहीर करतं. त्यात ‘सेंट पाउली’ हे ठिकाण निवडा. दोन शब्द ओळखता यायला हवेत: ‘होखवासर’ म्हणजे भरती, ‘नीड्रिगवासर’ म्हणजे ओहोटी. होखवासरचा शब्दशः अर्थ ‘उंच पाणी’. भाषांतराच्या ॲपमध्ये तो कधी ‘पूर’ असा येतो आणि माणूस उगाच घाबरतो. खरी काळजी करायचा शब्द वेगळा आहे, ‘श्टुर्मफ्लूट’, म्हणजे वादळाने आत ढकललेलं पाणी. तो मुख्यतः हिवाळ्यात ऐकू येतो.

दोन भरत्यांमध्ये साधारण १२ तास २५ मिनिटं जातात, म्हणून भरतीची वेळ रोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकते. पाणी चढायला साधारण पाच तास लागतात, उतरायला सात. एवढं माहीत असलं की तिन्ही दिवसांच्या वेळा एका कागदावर लिहून ठेवता येतात. कालव्यातली बोट त्या दिवशीच्या भरतीच्या आसपास बसवा आणि बाकीचं तिच्याभोवती रचा.

निघण्यापूर्वी

शेंगेन व्हिसासाठी, म्हणजे युरोपातल्या बहुतेक देशांना चालणाऱ्या एकाच व्हिसासाठी, जर्मनीचे अर्ज घेणारं व्हीएफएस केंद्र पुण्यातही आहे, मुंबईलाच जायला हवं असं नाही. प्रौढांचं शुल्क ९० युरो, ते रुपयांत भरायचं असतं. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून चालतो आणि पंधरा दिवस आधीपर्यंत घेतात, पण पंधरा दिवसांवर कुणी ठेवू नये. उन्हाळी सुट्टीच्या आधी भेटीची वेळ मिळणंच अवघड होतं. प्रवास विमा किमान ३०,००० युरोंचा हवा. पासपोर्ट दहा वर्षांच्या आत काढलेला, परतीच्या तारखेनंतर तीन महिने तरी चालणारा आणि दोन कोरी पानं असलेला हवा. अर्ज अडकतो तो बहुधा एकाच कारणाने: हॉटेलच्या तारखा, विम्याच्या तारखा आणि विमानाच्या तारखा एकमेकींशी जुळत नाहीत. सगळे कागद शेजारी ठेवून तारखा मोठ्याने वाचून बघा.

खाऊचं आधीच सांगितलेलं बरं. युरोपीय संघात बाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ सामानातून नेता येत नाहीत. म्हणजे साताऱ्याचे कंदी पेढे, खवा, तूप घरीच. भडंग, बेदाणे, चटणी, हळद न्यायला हरकत नाही, फक्त सगळं नीट बंद पाकिटात असू द्या.

मुंबईहून हॅम्बुर्गला सहसा एक विमान बदलून जावं लागतं. फ्रँकफुर्टला उतरून रेल्वेने गेलात तर साधारण चार तास धरा. हॅम्बुर्ग विमानतळावरून एस-१ लोकल मुख्य स्टेशनला २५ मिनिटांत पोचवते. परत येताना मात्र हीच गाडी फसवते. ओल्सडोर्फ स्टेशनात ती दोन तुकड्यांत सुटते. पुढचे तीन डबे विमानतळाला जातात, मागचे दुसरीकडे. मागे बसलेला माणूस विमान चुकवतो. म्हणून विमानतळाला निघताना सरळ पुढच्या टोकाला जाऊन बसा.

शहरातल्या बस, लोकल, भुयारी रेल्वे आणि नदीतल्या फेऱ्या या सगळ्यांना एकच ‘एचव्हीव्ही’ तिकीट चालतं. सकाळी ९ नंतर फिरणार असाल तर ‘९ वाजताचा दिवसपास’ स्वस्त पडतो, आणि शनिवार-रविवारी तो दिवसभर चालतो. स्टेशनात फाटक नसतं, कुणी अडवत नाही, पण तपासनीस साध्या कपड्यांत येतात. तिकीट नसेल तर ६० युरो दंड.

मुक्काम असा बेता की त्यात एक रविवार येईल. का ते पुढे कळेलच. त्याच वेळी हेही धरून चाला की रविवारी तिथली दुकानं बंद असतात, म्हणून किराणा शनिवारीच घ्या. ७ मेच्या आसपास बंदराचा वाढदिवस साजरा होतो. सम्राट बार्बारोसाने ७ मे ११८९ रोजी शहराला जकातमाफीची सनद दिली असं मानतात. ती सनद नंतर तयार केलेली असल्याचं इतिहासकार सांगतात, तरी सोहळा मोठा होतो आणि हॉटेलं महागतात. जहाजांची मिरवणूक बघायची असेल तर खोली फार आधी घ्या, नाहीतर तो आठवडा टाळा.

पहिला दिवस: वखारभाग

सांगलीला वखारभाग आहे, हॅम्बुर्गला ‘श्पायखरश्टाट’, म्हणजे अक्षरशः वखारींचं शहर. सुमारे दीड किलोमीटर लांब, लाल विटांच्या वखारींच्या रांगा आणि मधून पाण्याच्या गल्ल्या. १८८३ ते १९२७ दरम्यान टप्प्याटप्प्याने बांधला. त्यासाठी सुमारे वीस हजार लोकांची वस्ती हलवली. १८८८ मध्ये जर्मन सम्राट (कैसर) दुसऱ्या विल्हेल्मने त्याचं उद्घाटन केलं आणि हा भाग मुक्त बंदर झाला: माल उतरवा, साठवा, निवडा, पुन्हा पाठवा, जकात नाही. माल शहरात शिरला तरच जकात. हा नियम समजला की इतक्या वखारी का लागल्या ते समजतं. दुसऱ्या महायुद्धात यातला निम्मा भाग पडला, तो नंतर बांधून काढला. २०१५ पासून हा जागतिक वारसा आहे.

यू-३ रेल्वेने या. र्‍योडिंग्समार्क्टपासून लांडुंग्सब्र्युकनपर्यंत ही गाडी पुलावरून, नदीच्या कडेने जाते आणि त्या तिकिटात बंदराचं पहिलं दर्शन होतं. पश्चिमेकडे जाताना डाव्या खिडकीला बसा. बाउमवॉलला उतरा.

वखारी बघताना खालून वर बघा. प्रत्येक इमारतीला दोन तोंडं आहेत, एक रस्त्याकडे, एक पाण्याकडे. प्रत्येक मजल्याला भिंतीत मोठी दारं आणि सगळ्यात वर, छपराच्या टोकाखाली, कप्पी. तराफ्यासारखी सपाट होडी भरतीवर कालव्यात यायची, पोतं दोराने थेट चौथ्या-पाचव्या मजल्यावर चढायचं आणि गिऱ्हाइकाचा माल दुसऱ्या बाजूने गाडीत उतरायचा. आपल्याकडे हेच काम हमालाच्या पाठीवर झालं. जाड विटांच्या भिंतींनी आतलं हवामान वर्षभर सारखं राहतं, म्हणून कॉफी, चहा, कोको, तंबाखू, मसाले आणि पुढे इराणी गालिचे इथं राहिले.

हरिपूरची पेवं ज्यांनी पाहिली आहेत त्यांना यात रस वाटेल. हळद टिकवायची तर ऊन, ओल आणि किडा या तिघांपासून दूर ठेवायची. आपण जमिनीत खड्डा घेऊन तोंड बंद केलं. आत हवाच खेळत नाही, म्हणून किडा जगत नाही, आणि म्हणूनच पेव उघडल्या उघडल्या कुणी आत उतरत नाही. हॅम्बुर्गची जमीन गाळाची, पाणी हाताभरावर, तिथं खड्डा शक्यच नव्हता. त्यांनी लाकडी खुंट ठोकून त्यावर वर वर बांधलं. प्रश्न तोच, जमीन वेगळी म्हणून उत्तर उलट. २००५ च्या पुरात हरिपूरच्या कितीतरी पेवांत पाणी शिरलं, हे आठवलं की पुराच्या नदीकाठी मालाची उंची किती मोलाची ते कळतं.

झांडटोरकाई रस्त्यावर दोन छोटी संग्रहालयं जवळजवळ आहेत: वखारींचं आणि मसाल्यांचं. दोन्हींना मिळून दोन तास. वखारींच्या संग्रहालयात हमालाचे आकडे, तराजू, पोत्यात खुपसून नमुना काढायच्या टोकदार नळ्या आहेत. मार्केट यार्डातल्या माणसाला त्या न सांगता ओळखता येतील. माल सांभाळणाऱ्या, नमुने काढून प्रतवारी करणाऱ्या लोकांना ‘क्वार्टियर्सलॉयटे’ म्हणत. परंपरेने चौघे भागीदार, एकाचं नाव पुढे आणि बाकीचे ‘कॉन्सॉर्टन’. भिंतींवरच्या जुन्या पाट्यांत ‘अँड कॉन्स.’ असं दिसलं की ती त्यांची पेढी. व्यापारी माल न बघता त्यांच्या शब्दावर सौदा करायचा. अडत्याच्या पेढीवरची आपली पतही अशाच विश्वासावर चालते.

आता बोट. कालव्यांतल्या फेरीला ‘फ्लेटफार्ट’ म्हणतात आणि ती छोट्या, बुटक्या लाँचमधून होते. भरतीच्या आगेमागे दोन-अडीच तास ती नीट होते. ओहोटीला कालव्यात पाणी पुरत नाही आणि पाणी फारच चढलं तर लाँच पुलाखालून जात नाही. दोन्ही वेळी तिकीटवाले तुम्हाला नुसत्या मोठ्या बंदरात फिरवून आणतात. फसवतात असं नाही, पण विचारल्याशिवाय सांगतीलच असंही नाही. म्हणून पैसे देण्यापूर्वी एकच प्रश्न: ‘ही बोट आत्ता श्पायखरश्टाटमध्ये जाणार का?’

ओहोटीलाही चालत एक चक्कर मारा. गाळ, शेवाळलेले पायथे, भिंतीवर पाण्याने ओढलेली काळी रेघ, हे भरतीत लपतं. आणि संध्याकाळी पोगनम्यूलनब्र्युक या पुलावर जा. दोन कालव्यांच्या बेचक्यात उभी असलेली छोटी इमारत समोर दिसते, दिवे लागलेले असतात. हा फोटो भरतीचाच घ्या, नाहीतर खाली चिखल येतो. जूनमध्ये तिथं अंधार पडायला रात्रीचे दहा वाजतात, डिसेंबरमध्ये चारलाच. जवळचं स्टेशन मेसबर्ग.

मेसबर्गपासून दोन मिनिटांवर चिलेहाउस आहे. १९२२ ते १९२४ मध्ये फ्रिट्झ ह्योगरने बांधलेली दहा मजली कचेरी, सुमारे ४८ लाख विटा. पूर्वेच्या टोकाला उभं राहून बघा, जहाजाची नाळ अंगावर आल्यासारखी दिसते. मालक चिलीहून सोरा आणून श्रीमंत झालेला. कृत्रिम नत्रखत येण्यापूर्वी युरोपची शेती या सोऱ्यावर चालायची. ऊस आणि द्राक्षं पिकवणाऱ्या जिल्ह्यातून येणाऱ्याने ही खताच्या पैशाची इमारत चुकवू नये.

त्याच भागात १८७९ च्या जुन्या वखारीत आंतरराष्ट्रीय सागरी संग्रहालय आहे. नऊ-दहा मजले आहेत, खालून सुरुवात केली की पाचव्यावर दमायला होतं. लिफ्टने वर जा, हजारो चिमुकली जहाजं बघा आणि जिन्याने उतरत या. तीन तास तरी हवेत. मिनियाटूर वुंडरलांड हे छोट्या रेल्वेचं प्रदर्शन मुलं असतील तरच, आणि वेळ ठरवून ऑनलाइन तिकीट आधी काढूनच. ऐनवेळी गेलात तर रांगेत अर्धा दिवस जाईल.

पूर अडवण्याची सोय: वीस मिनिटांची वाट

ही जागा पर्यटकांच्या यादीत नसते, पण २००५, २०१९ आणि २०२१ चा पूर अंगणात पाहिलेल्या माणसाने ती पायी बघायला हवी.

१६-१७ फेब्रुवारी १९६२ च्या रात्री वायव्येच्या वादळाने समुद्र एल्बेत ढकलला, पाणी ५.७० मीटरवर गेलं, बांध फुटले आणि शहरात ३१५ माणसं गेली. १९७६ मध्ये पाणी त्याहून उंच, ६.४५ मीटर आलं. पण मधल्या काळात बांध उंचावले होते, म्हणून तो अनर्थ झाला नाही. आपला पूर वरून, पावसाचा आणि धरणांचा येतो आणि दिवसेंदिवस ठाण मांडतो. त्यांचा पूर खालून, समुद्राकडून येतो, काही तासांत चढतो आणि ओहोटीबरोबर उतरतो. उपाय त्यामुळे वेगळे आहेत, पण शिस्त बघण्यासारखी आहे.

वखारींच्या दक्षिणेला हाफेनसिटी ही नवी वस्ती आहे. बांधाच्या आत नाही, बाहेर. म्हणून रस्ते आणि इमारती भराव घालून समुद्रसपाटीपासून ८ ते ९ मीटर उंचीवर घेतल्या. पाण्याच्या कडेचे चौथरे मुद्दाम खाली ठेवलेत, ते बुडाले तर बुडू देतात. खालच्या गाड्यांच्या तळांना पोलादी दारं आहेत. वखारी मात्र जुन्या, वारसा असल्याने उचलता येत नाहीत, त्या बुडतात. मग लोकांनी बाहेर कसं पडायचं? किबेलश्टेग पुलावर या: खालून नेहमीची वाट, वर दुसऱ्या मजल्याच्या उंचीवर पादचारी पूल. पाणी आलं की वरची वाट चालू राहते. तिथून बाउमवॉलला परत या आणि नदीकाठच्या रुंद पायऱ्यांवर बसा. झाहा हदीद यांच्या कार्यालयाने आखलेला तो फिरायचा रस्ता म्हणजे शहराची पूरभिंत आहे. संध्याकाळी लोक पूरभिंतीवर बसून गप्पा मारतात, हे सांगलीने मनावर घेण्यासारखं आहे.

दुसरा दिवस: धक्का, बोगदा आणि फेरी

लांडुंग्सब्र्युकन हा सुमारे ७०० मीटर लांबीचा प्रवासी धक्का पाण्यावर तरंगतो. त्यामुळे काठावरून खाली जाणारे पूल भरतीला आडवे आणि ओहोटीला चांगले उतरते होतात. चाकाची खुर्ची किंवा गुडघेदुखी असेल तर भरतीलाच जा. टोकाच्या मनोऱ्यावर घड्याळाबरोबर पाण्याची पातळीही दिसते, आयर्विनची पट्टी आठवेल.

शेजारच्या घुमटातून जुन्या एल्बे बोगद्यात उतरा. ७ सप्टेंबर १९११ ला खुला झाला, ४२६ मीटर लांब, जमिनीखाली २४ मीटर. कामगार गोदीत वेळेवर पोचावेत म्हणून तो बांधला. पाणी आत येऊ नये म्हणून दाबाच्या हवेत काम चालायचं, आणि त्या दाबातून एकदम बाहेर येणाऱ्या मजुरांना दुखणी जडायची, काही दगावले. पायी जाणाऱ्याला पैसे पडत नाहीत. लिफ्ट किंवा जिना, आणि भिंतीवर मासे-खेकड्यांची भाजलेल्या मातीची शिल्पं. पलीकडे बाहेर पडून नदीकाठी जा. सूर्य पाठीशी असतो, म्हणून शहराचा सगळ्यात चांगला फोटो इथून येतो.

दोन जहाजं धक्क्यालाच आहेत. रिकमर रिकमर्स हे १८९६ चं शिडाचं, आणि काप सान दिएगो हे १९६१ चं मालवाहू. एकच बघायचं तर दुसरं. इंजिनखोलीपर्यंत उतरता येतं, माल ठेवायचे खण मोकळे आहेत. शिड्या उभ्या आहेत, सपाट बूट घाला, खांद्याची पिशवी नको. हे जहाज अजून चालतं, कधीकधी सफरीवर गेलेलं असतं, म्हणून आधी चौकशी करा. सोऱ्याची वाहतूक करणारं १९११ चं चार डोलकाठ्यांचं ‘पेकिंग’ न्यूयॉर्कहून परत आणून दुरुस्त केलं आहे. ते बंदर संग्रहालयाच्या हान्साहाफेन धक्क्याला आहे, पण तिथं उन्हाळी हंगामातच जा.

बंदर बघायला महागड्या बोटीची गरज नाही. ६२ नंबरची फेरी दिवसपासात येते. वरच्या डेकवर उजव्या बाजूला बसा, वाऱ्यासाठी जाकीट जूनमध्येही हवंच. नॉयम्यूलनला उतरलात की जुन्या जहाजांचा छोटा धक्का आणि पुढे ओव्हलगोनची वाळू. समोर कंटेनरची गोदी. याच कंटेनरांनी वखारींचं काम संपवलं: डबा जहाजावरून थेट ट्रकवर, मग मधल्या वखारीत पोतं कोण ठेवणार? वाळूत २१७ टनांचा एक धोंडा पडलाय, ‘आल्टर श्वेडे’. हिमयुगात बर्फाने स्वीडनहून वाहून आणला, १९९९ मध्ये नदी खोल करताना सापडला.

इथं पोहू नका. कृष्णेत माईघाटावर उड्या मारलेल्यांनीही नाही. मोठं जहाज गेलं की पाणी आधी काठावरून आत ओढलं जातं आणि मग एकदम उसळून येतं. जहाज दिसलं की मुलं, बूट आणि पिशव्या वर घ्या.

तिसरा दिवस, रविवार

मासळीबाजार १७०३ पासून भरतो. एप्रिल ते ऑक्टोबर पहाटे ५ ला, हिवाळ्यात ७ ला, आणि संपतो साडेनऊला. सहाच्या आत पोचा. मासे आहेतच, पण फळांच्या टोपल्या विकणाऱ्यांची आरोळी ऐका, हळदीच्या सौद्यात वाढलेला कान लगेच ओळखेल. रोख सुटे युरो ठेवा. शेवटच्या अर्ध्या तासात भाव पडतात. रोपं, बिया, कंद घेऊ नका, भारतात परवान्याशिवाय आणता येत नाहीत. वादळी भरतीत ही जागा पहिली बुडते, तेव्हा हिवाळ्यात आदल्या रात्री पातळी बघून निघा.

खाण्यात मासळीचा पाव घ्या. शाकाहारी असाल तर दालचिनी आणि लोण्याचा फ्रांझब्र्योटशेन. ‘लाबस्काउस’ हे खलाशांचं जेवण बटाट्याचं दिसतं, पण त्यात गोमांस असतं, आधी विचारा.

मग मिशेल चर्चचा मनोरा. बघायचा सज्जा १०६ मीटरवर आहे, साडेचारशेवर पायऱ्या किंवा लिफ्ट. रविवारी बाराला वरून चारी दिशांना तुतारी वाजते, ती खाली उभं राहून ऐका. सेंट निकोलाईचा काळा मनोरा १९४३ च्या जुलैतल्या बॉम्बफेकीची स्मारकखूण आहे, तळघरातलं प्रदर्शन तासाभराचं, मुलांना घेऊन जाताना विचार करा. एल्बफिलहार्मोनी या संगीतगृहाच्या ३७ मीटर उंचीच्या सज्जावर मैफिलीशिवायही जाता येतं, त्याचं तिकीट वेगळं असतं.

दुपार मोकळी असेल तर एस-१ ने शेवटच्या स्टेशनला, वेडेलला जा. पाऊण तासाची वाट. तिथून बसने किंवा अर्धा तास चालत नदीकाठी ‘विलकॉम-ह्योफ्ट’ आहे. १९५२ पासून इथं येणाऱ्या-जाणाऱ्या मोठ्या जहाजांना झेंडा खाली घेऊन सलामी देतात आणि जहाज ज्या देशाचं असेल त्याचं राष्ट्रगीत कर्ण्यावर लावतात. जहाजाचा देश त्याच्या मागच्या टोकावरच्या झेंड्यावरून ओळखा. लायबेरिया आणि पनामा फार दिसतील, कारण तिथं नोंदणी स्वस्त पडते. खोल बुडणारी जहाजं भरतीच्या लाटेवर येतात, म्हणून कागदावर लिहिलेली त्या दिवशीची वेळ काढा, सेंट पाउलीच्या भरतीच्या तासभर तरी आधी तिथं जाऊन बसा आणि सोबत भडंगाचं पाकीट असू द्या. सलामी सूर्यास्तानंतर नसते, उन्हाळ्यात तर त्याआधीच थांबते.